पूजेपुरती आई

आमच्या समोरच्या दारावर पितळेची पाटी आहे. तिच्यावर दीनानाथ, आशालता, रुचिरा, अपूर्व अशी चार नावं आहेत. रुचिरा देवाघरी गेली, तिचं नाव राहू दे, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण खाली दोन बोटं जागा मोकळी आहे आणि विनिता त्या घरात चार वर्षं राहतेय. मी एकदा दीनानाथ भाऊजींना विचारलं, तिचं नाव कधी घालताय? ते म्हणाले, पाटीवाला भेटत नाही हो. या पनवेलमध्ये विमानतळ बांधायला माणसं मिळाली, आणि यांना पाटीवाला मिळेना.

भाऊजी बंदरावरच्या एका ऑफिसात हिशेब बघतात. स्वभावाने गरीब, म्हणजे त्यांचं मत काय आहे ते त्यांना ताई सांगते. ताई म्हणजे आशालता, त्यांची थोरली बहीण, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. रुचिरा, भाऊजींची पहिली बायको, आजारात गेली तेव्हा अपूर्व जेमतेम दोन वर्षांचा. वर्षाने भाऊजींनी विनिताशी लग्न केलं. तेही ताईंनीच ठरवलं, कारण पोराचं करून करून त्यांचे गुडघे दुखायला लागले होते. हे त्यांनीच मला सांगितलंय, मी पदरचं काही घालत नाही.

विनिता उरणची. आईबाप लहानपणीच गेले, काकाकडे वाढली. तिथे चुलत बहिणींना दिवाळीला नवे कपडे आणि हिला त्यांचे मागच्या दिवाळीचे, असा हिशेब होता. हे ती रडून सांगत नाही. उलट म्हणते, "एक बरं होतं रेवाताई, कापड आधीच धुऊन मऊ झालेलं असायचं." इथे आल्यावर ती बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. सकाळी डबे, दुपारी दुकान, संध्याकाळी अपूर्वचा अभ्यास. त्याला गाडी लागते. कर्नाळ्याला पक्षी दाखवायला नेलं, तर त्याने जाताना तिच्या ओढणीत ओकून ठेवलं आणि येताना तिच्या पर्समध्ये. घरी आल्यावर ती मला सांगत होती की त्याला धनेश दिसला. पर्सचं मला अपूर्वनेच सांगितलं, मोठ्या अभिमानाने.

आता आशाताईंची शनिवारची गोष्ट. हा आमच्या इमारतीचा मानाचा कार्यक्रम. गच्चीवर सतरंजी घालून त्या पोरांना गोष्टी सांगतात, आणि सगळ्यांत लाडकी गोष्ट ती बुटाची. सावत्र आईच्या घरी राख काढणारी मुलगी, परी, भोपळ्याची गाडी, पायात नेमका बसणारा बूट. सांगतात मात्र सुरेख, उंदरांचे घोडे होतात तिथे माझ्याही अंगावर काटा येतो. शेवटी त्या चष्मा काढून, डोळे पुसून तात्पर्य सांगतात. बाळांनो, सगळ्यांशी मायेने वागा आणि आशा कधी सोडू नका, चांगल्याचं चांगलंच होतं. पोरं मान हलवतात, मग त्या खडीसाखर वाटतात.

एका शनिवारी विनिता तिथेच, पलीकडे, वाळत घातलेल्या कुरडया उचलत होती. खालच्या मजल्यावरच्या एका चिमुरडीने विचारलं, "आशाआजी, सावत्र आई म्हणजे अपूर्वची आहे तशी?"

खरं सांगते, यात मुलीचा काही दोष नाही. आशाताईंनी एक शब्द बोलायचा होता. नाही गं, अपूर्वची आई चांगली आहे, एवढंच. शाळेत आयुष्य घालवलेल्या बाईला एवढं वाक्य जड नव्हतं. त्या हसल्या, ओठ मिटून, आणि म्हणाल्या, खडीसाखर घ्या. विनिताने कुरडयांचं सूप उचललं आणि खाली गेली. मला शिसारी आली. एवढ्या मायेचं तात्पर्य आणि वर खडीसाखर, आणि ते हसू त्या दोन्हींच्या मधोमध, वरणातल्या झुरळासारखं.

माझी जीभ काय शांत बसते? मी पोरांना म्हटलं, या गोष्टीचा पुढचा भाग तुम्हाला ठाऊक नाही. त्या मुलीचं लग्न झालं ना, त्या राजपुत्राची आधीची बायको वारलेली होती आणि त्याला एक मुलगा होता. म्हणजे आपली ती बुटवाली झाली सावत्र आई. आता ती वाईट का चांगली? पोरांमध्ये मोठाच गोंधळ उडाला. आशाताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रेवा, गोष्टीचा चोथा करू नकोस." पुढचे तीन शनिवार मला सतरंजीवर जागा मिळाली नाही.

मग आली अपूर्वची मुंज. आठवं वर्ष लागलं, मे महिन्यातली तारीख निघाली, वडाळे तळ्याजवळचं कार्यालय ठरलं. मुंजीत डोकं करण्याआधी मातृभोजन असतं. मुलगा आईच्या ताटात, आईबरोबर शेवटचं जेवतो. त्यानंतर तो बटू होतो आणि ते ताट संपतं. बाकी मुंजीत आईला दुसरं काय असतं? नेसायचं, नमस्कार करायचे आणि आहेर सांभाळायचे. ही एकच जागा तिची.

आशाताईंनी ठरवलं, ताटाला कीर्ती बसेल. कीर्ती ही रुचिराची बहीण, अपूर्वची मावशी, पुण्याची. स्वभावाने बरी आहे. पण चार वर्षांत इथे किती वेळा आली ते विचारलं तर तिलाच आठवून सांगावं लागेल. ताईंचं म्हणणं, मातृभोजनाला रक्ताचं माणूस हवं, रुचिराचा आत्मा तृप्त होईल. भाऊजी म्हणाले, ताईला कोण बोलणार. हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणतात की त्याचीच पाटी करून दाराला लावावी.

विनिता त्या दिवशी माझ्याकडे आली, ओट्याशी उभी राहिली आणि माझ्या शेंगा सोलायला लागली. मी म्हटलं, भांड. ती म्हणाली, भांडले तर तेच म्हणतील, बघा, सावत्र ती सावत्रच. तिने सोललेले दाणे परातीत टाकले. मग म्हणाली, "मला साडी नको, मान नको. पूजेला नाही बसवलं तरी चालेल. त्या ताटाला मात्र बसायचंय मला."

मी म्हटलं, मग बस की. ती म्हणाली, विचारतील ना कधीतरी. अजून आठवडा आहे. बघा, ही आशा. आशाताईंच्या तात्पर्यातली, अगदी तीच. गुणी मुलीने गप्प बसायचं आणि बूट घेऊन कुणीतरी दारात येईल म्हणून वाट बघायची. मला त्या गोष्टीचाच वीट आला.

कुणी विचारलं नाही. आणि मुंजीच्या सकाळी काय झालं ते ऐका. गुरुजी आले, पुण्याहवाचनाला यजमानांना सपत्नीक बसायला सांगितलं. भाऊजींना एकट्याला बसता येईना. लगेच आशाताईंचा आवाज मधाळ झाला. अगं विनिता, ये ना, शेला घे, गाठ मार. विनिता बसली. भाऊजींच्या हाताला हात लावून तासभर धुरात डोळे चोळत होती. गुरुजी म्हणतील तिथे पाणी सोडत होती, आणि आशाताई पाहुण्यांना सांगत होत्या की आमच्या घरात आपपरभाव नाही.

पूजा झाली, केळीची पानं मांडली. मधल्या पाटाभोवती रांगोळी, पाटासमोर चांदीचं ताट, बाजूला आमच्या इमारतीतली मुंज झालेली पोरं बटू म्हणून ओळीने बसलेली. आशाताईंनी विनिताच्या हातात तुपाचं भांडं दिलं आणि म्हणाल्या, तू वाढ. पूजेला बायको लागते म्हणून बसवली, जेवायला आई लागते म्हणून उठवली. मी त्या दोघींपासून हातभर अंतरावर होते. पाहुण्या बायका सगळं बघत होत्या आणि एकमेकींच्या साडीचे काठ चाचपत होत्या.

कीर्ती पाटावर बसली, अपूर्व तिच्या शेजारी. विनिता तूप वाढायला वाकली. कीर्तीने तिचा हात धरला आणि खरंच मनापासून म्हणाली, "विनिता, तुमचं मन मोठं. आशाताईंनी सांगितलं मला, ही जागा तुम्हीच रुचिरासाठी सोडलीत."

विनिताने तुपाचं भांडं खाली ठेवलं.

"मी नाही सोडली," ती म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही."

कीर्तीचं तोंड उतरलं. तिने आशाताईंकडे बघितलं, आशाताईंनी छताच्या पंख्याकडे. कीर्ती बिचारी उठली, पैठणी सावरत बाजूला झाली. विनिता बसली. मांडी घालून, पदर खोचून, घरी बसते तशी. आशाताई पुढे वाकून दबक्या आवाजात म्हणाल्या, "चार माणसांत तमाशा नको."

"तमाशा कसला, आशाताई? जेवण आहे. भात गार होतोय."

भाऊजी खांबाशी उभे होते. त्यांनी उगाच शेला झटकला. गुरुजींना या घरच्या भानगडीत रस नव्हता. त्यांना मुहूर्त गाठायचा होता. त्यांनी विचारलं, आई बसली ना? अपूर्व म्हणाला, हो. म्हणजे त्याने काही मोठं भाषण केलं असं समजू नका. पोरगं भुकेलं होतं, सकाळपासून धुरात बसवलेलं. त्याने भात कालवला, वालाच्या बिरड्यातले वाल एकेक करून वेचले आणि ताटात तिच्या बाजूला सरकवले. त्याला वाल आवडत नाहीत. तिने ते आपल्या भातात घेतले आणि त्याच्या पुढ्यात जिलबी सारली.

मी वळून बघितलं तर आशाताई पाहुण्यांच्या घोळक्यात पोचल्या होत्या. डोळ्यांना पदर लावला होता. सांगत होत्या, मीच म्हटलं हो तिला, बस बाई, तुझाही हक्क आहे, आपण मायेने वागलं पाहिजे. बायका माना डोलावत होत्या. एकीने तर त्यांचा हात हातात घेतला. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि तिथेच थांबले. मी बोलले असते तर सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली असती, आणि पाटावरच्या त्या दोघांना अजून दोन घास खायचे होते.

गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, आटपा, न्हावी खोळंबलाय.

विनिता म्हणाली, "थांबा जरा. त्याचं जेवण चाललंय."