हंड्यांवरचे चेहरे

उस्मानपुऱ्यातल्या सलीमभाईंच्या फ्रेमच्या दुकानात जो रोज बसतो, त्याच्याकडे दोन गोष्टी साठतात. कपड्यांवर लाकडाचा भुसा आणि डोक्यात किस्से. भुसा घरी गेल्यावर झटकता येतो, किस्से काही जात नाहीत. मी रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, अजिंठ्याच्या रंगांवर डॉक्टरेट. तरी कुठलाही किस्सा सांगताना मला धाकधूक असते, हे असंच झालं होतं ना? सलीमभाई म्हणतात, "आप बोलो तो सही सर, गलत हुआ तो हम टोकेंगे." म्हणून सांगतो.

* * *

नबील येमेनचा. इथल्या विद्यापीठात पीएचडीला आला, मागे त्याच्या देशात युद्ध पेटलं आणि तो इथेच राहिला. सलीमभाईंच्या दुकानातच बसून चित्रं काढायचा, त्यावर पोट भरायचा. फ्रेम त्यांचीच. हिंदी मात्र अस्सल आपल्या शहराची शिकला होता.

एका हॉटेलवाल्याने त्याला दौलताबादच्या किल्ल्याचं चित्र सांगितलं. वर्ष दुष्काळाचं होतं. नबीलने किल्ला मागे काढला, धूसर. पुढे टँकरची वाट बघणाऱ्या बायका, कपाळावरची आठीसुद्धा दिसेल एवढ्या मोठ्या.

हॉटेलवाला म्हणाला, "अहो, बाहेरचे गेस्ट बघणार हे. या बायका काढून टाका."

"किल्ला निकाल देतूं साब," नबील शांतपणे म्हणाला. "औरतां तो रोज इधरीच खड़े रहते."

ते चित्र अजून दुकानातच आहे!

* * *

नबीलला इथे राहायची मुदत वाढवून हवी होती. ओळखीचं पत्र मी द्यायचं ठरलं. चार दिवस लिहीत होतो. 'माझ्या माहितीप्रमाणे', 'जितपत मला ठाऊक आहे', 'सामान्यतः'... खोटं काही जाऊ नये ना!

व्हिसाच्या ऑफिसातल्या साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून विचारलं, "सर, तुम्ही यांना ओळखता ना?"

"तसं बघितलं तर..." मी सुरुवात केली. नबीलने टेबलाखालून माझा पाय दाबला.

"ओळखतो!" मी एवढ्या जोरात म्हणालो की सगळं ऑफिस वळून बघायला लागलं.

"मग एवढंच लिहून आणा," साहेब म्हणाले.

* * *

कांताबाई दुकान झाडायला यायच्या. मेंढपाळाच्या घरातल्या. गावाकडचं चारापाणी सरलं तेव्हा मेंढरं विकून शहराच्या कडेला वाढलेल्या वस्तीत आल्या. तिथे नळ नव्हता, दिवसाआड टँकर. माणसांना कामं असतात, म्हणून लाइनीत त्यांचे हंडेच उभे राहायचे. लाइन लावायचे नाना, वस्तीतले सगळ्यात जुने. त्यांचा नियम एकच, नवा हंडा शेवटी.

कांताबाईंना येऊन तीन वर्षं झाली तरी त्या नव्याच! त्यांनी हंडा पुढे ठेवला की नाना मागे सारायचे. वर म्हणायचे, "सगळे हंडे सारखे. तुझा कोणता, मला काय ठाऊक?"

शेवटचा नंबर म्हणजे कामाला उशीर. दोन घरचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. त्यातल्या एका बाईंनी बजावलं होतं, पुन्हा उशीर झाला तर येऊच नका.

"दोनशे मेंढरांत आमी आपलं कोकरू वळखतो," कांताबाई म्हणाल्या, "अन् ह्या नानाला माझा एक हंडा वळखू येत नाय!"

नबीलने ब्रश खाली ठेवला. "बाई, हंडा लाओ."

* * *

प्रत्येक हंड्यावर त्याच्या मालकिणीचा चेहरा काढायचा, अशी त्याची कल्पना. मी धास्तावलो. ऑइलपेंट, पिण्याचं पाणी, त्यात शिसं! तासभर समजावलं, की गेरू, पिवडी, काजळी घ्या, डिंकात कालवा. अजिंठ्यात दीड हजार वर्षं टिकलेत हे रंग!

दोन दिवस खपून त्याने अकरा हंडे रंगवले. टँकर आला, पाइप सुटला आणि उडणाऱ्या पाण्याने लाइनीतला एकेक चेहरा ओघळून मातीत गेला. नानांनी कांताबाईंचा पुन्हा कोरा झालेला हंडा उचलून मागे ठेवला. त्या दिवशी एका घरचं काम सुटलं.

मी दुकानात माफीसाठी शब्द जुळवत बसलो होतो. कांताबाईंनी झाडू टेकवून ठेवला.

"सर, तुमच्या अजिंठ्यात टँकर येत नसंल."

* * *

मग ट्रक रंगवणाऱ्याकडचा ऑइलपेंट आला. फक्त बाहेरून, कडेपासून चार बोटं खाली, ही माझी अट. या वेळी चेहरे टिकले. नानांनी सवयीने हंड्याला हात घातला, तर समोरून कांताबाई बघत होत्या! बाकीच्या दहाजणीही. नानांनी हात मागे घेतला. जी आधी हंडा ठेवील ती आधी भरील, असं आपोआप होऊन गेलं. कांताबाईंचं उरलेल्या घरचं काम टिकलं.

पुढे पेपरात फोटो आला, हंड्यांच्या रांगेचा. आणि दुसऱ्या दिवशी नाना स्वतः दुकानात हजर, काखेत कोरा करकरीत हंडा.

"सगळी वस्ती पेपरात, मीच नाय! माझाबी काढा."

मी नबीलकडे बघितलं. याचा चेहरा काढावा का? मला काही ठरवता येईना.

"काढूंगा सर," नबील म्हणाला. "इनका बी तो मुँह है."

त्याने जीव ओतून काढला. मिशीचा केस न् केस. टँकरच्या दिवशी सकाळी मी मुद्दाम वस्तीत गेलो. नानांनी हंडा आणला आणि लाइनीत सगळ्यात पुढे ठेवला.

कांताबाई पुढे झाल्या. हंडा दोन्ही हातांनी उचलून निरखला.

"लई ब्येस निघालाय, नाना. अगदी तुमीच!"

नाना खुलले. कांताबाई हंडा घेऊन चालत निघाल्या, एकेका चेहऱ्यावरून, थेट लाइनीच्या टोकाला. तिथे तो जपून खाली ठेवला.

"नवा हाय ना," त्या म्हणाल्या. "तोंड पुढं करून ठेवते. टँकर दिसंल तुमाला."