शेऱ्यांची फाइल

आमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळाची गणपतीतली स्मरणिका त्या वर्षी मी करणार, असं मीच बैठकीत हात वर करून सांगितलं होतं. नवऱ्याची नोकरी मंत्रालयात, मुलगी शिकायला बंगळूरला, आणि लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दुपारभर मी आणि आमचा जुना कॉम्प्युटर. वेळ भरपूर होता. मराठी टाइप करायला येत होतं. आणखी काय लागतं, असं मला वाटलं.

लेख यायला लागले. कुणी मेलवर पाठवले, कुणी फोनवर, एका आजोबांनी वहीच्या पानांचे फोटो काढून पाठवले. आलेली प्रत्येक गोष्ट मी डेस्कटॉपवर ठेवत गेले. समोर दिसलं म्हणजे सापडतं, हा माझा साधा हिशेब. सगळे लेख एकत्र जोडून केलेल्या फाइलला मी नाव दिलं ‘स्मरणिका’. मग ‘स्मरणिका नवीन’ झाली, मग ‘स्मरणिका फायनल’, आणि आठवड्याभरात ‘स्मरणिका खरी फायनल’. पडद्यावर नुसता चिन्हांचा बाजार भरला होता. नवरा एकदा मागे चहाचा कप घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, “अरे यार, आमच्याकडेसुद्धा फाइल हरवते, पण निदान कुठल्या टेबलावर हरवली ते माहीत असतं.”

मी त्याला स्वयंपाकघरात पाठवलं.

लेख तपासताना मी एक उद्योग केला होता. अख्ख्या अंकाची आणखी एक प्रत करून तिच्यात प्रत्येक लेखाखाली लाल अक्षरांत माझे शेरे लिहिले होते. ते फक्त माझ्यासाठी, त्यामुळे मोकळेपणानं. गाझियाबादला राहणाऱ्या एका इंजिनिअरच्या पावसावरच्या कवितेखाली मी लिहिलं होतं, ‘ही कविता आहे की हवामानाचा अंदाज?’ अध्यक्षांच्या मनोगताखाली, ‘दरवर्षीचंच. निदान साल बदललंय का ते बघणे.’ आणि आमच्याच कॉलनीत मुलाकडे राहणाऱ्या एका काकूंच्या लेखाखाली, ‘छान, पण फार लांब. दुसरं पान अख्खं काढलं तरी कुणाला कळणार नाही.’ या फाइलला वेगळं नाव द्यायचं राहून गेलं. ती ‘स्मरणिका खरी फायनल २’ झाली.

रविवारी सकाळी मी सगळ्या लेखकांना एकच मेल पाठवली: ‘अंक छपाईला जातोय. आपापला मजकूर कृपया तपासावा.’ सोबत फाइल जोडली. कुठली जोडली असेन, ते सांगायला नकोच.

पहिला फोन अध्यक्षांचा आला. “वहिनी, अंक बघितला,” ते म्हणाले. “साल खरंच बदलायचं राहिलं होतं.”

मला आधी काही कळेना. मग मी पाठवलेली मेल उघडली, जोडलेली फाइल उघडली, आणि पहिल्याच पानावर ती लाल अक्षरं दिसली. मी खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. नवऱ्याला हाक मारली तर तो वाचता वाचता हसायलाच लागला, आणि हवामानाच्या अंदाजापाशी आल्यावर त्याला डोळे पुसावे लागले. मला मात्र रडू येत होतं. या माणसांच्या घरी आम्ही हळदीकुंकवाला जातो, आजारपणात यांनी आमच्याकडे डबे पाठवलेत. मी लगेच सगळ्यांना माफीची मेल लिहिली. या वेळी काहीही न जोडता.

दुपारी चारला बेल वाजली. दारात त्या काकू, सत्तरी ओलांडलेल्या, हातात कापडी पिशवी. मी दार धरून तशीच उभी राहिले.

“आत घेणार आहेस की नाही?” त्या म्हणाल्या.

“काकू, मला माफ करा, मी खरंच…”

“दुसरं पान काढून बघितलं मी. तुझं बरोबर आहे. नाहीच कळत.” चपला काढून त्या आत आल्या. “पण मला हे सांग, असली फाइल चुकून जातेच कशी? कॉम्प्युटर दाखव तुझा.”

काकूंनी निवृत्त होईपर्यंत एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलेलं आहे. हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ मला त्या दुपारी कळला. त्यांनी चष्मा बदलला आणि पडद्यावरची नावं एकेक करून वाचली.

“लेख कुठे ठेवतेस?”

“कॉम्प्युटरवर.”

“म्हणजे घरात ठेवते म्हटल्यासारखं झालं. घरात कुठे?”

मी डेस्कटॉपकडे बोट दाखवलं. त्यांनी माउसला हात न लावता आधी कागद मागितला. त्यावर एक मोठा चौकोन काढला, त्याला अंकाचं नाव दिलं, आणि आत चार छोटे चौकोन काढले: आलेले लेख, सुधारलेले लेख, फोटो, छपाईला द्यायचं. “एवढी चार खणांची मांडणी. आलेल्या लेखाला हात लावायचा नाही. त्याची प्रत करायची, सुधारलेल्यांत ठेवायची, आणि काय कापाकापी करायची ती तिच्यात. बिघडलं तर मूळ लेख शाबूत.”

“आणि शेरे?”

“शेरे वहीत लिही,” त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघी पहिल्यांदा मोकळं हसलो.

फोल्डर मी बनवले. एकेक चिन्ह ओढून आत टाकायला लागले, तर एक लेख डोळ्यांदेखत गायब. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. काकू शांतपणे म्हणाल्या, “गेला कुठे? शेजारच्या खणात पडला असेल.” खरंच फोटोंमध्ये जाऊन पडला होता. मग नावांची पाळी आली. आधी लेखकाचं नाव, मग लेखाचं, शेवटी तारीख, असं त्यांनी ठरवून दिलं. “आणि फायनल हा शब्द या घरात आजपासून बंद.”

डेस्कटॉप रिकामा झाल्यावर त्यांनी विचारलं, “मेलवरून उतरवून घेतलेलं आधी कुठे जातं?” मी डाउनलोडचा फोल्डर उघडला. दोन वर्षांत मी तिथे डोकावलेच नव्हते. विजेची बिलं, लग्नपत्रिका, योगासनांचे तक्ते, आणि त्यातच ‘डॉक्युमेंट’ नावाच्या एकसारख्या तीन फाइली, नावापुढे कंसात एक, दोन, तीन. मी पहिली उघडली आणि खुर्चीला टेकले.

गुरुग्रामच्या एका कंपनीत काम करणाऱ्या मुलीचा तो लेख होता. पुण्याहून नवी आलेली. तिनं मला तीनदा कळवलं होतं की लेख पाठवलाय, आणि मी तो डेस्कटॉपवरच शोधून तीनदा उत्तर दिलं होतं की मिळाला नाही. तिसऱ्या वेळी तर जरा फटकळपणेच, ‘नीट पाठवायला शिका,’ असं.

“वाच,” काकू म्हणाल्या.

मी मोठ्यानं वाचला. तिच्या सोसायटीत चौदाव्या मजल्यावर एकटं राहताना ती रोज लिफ्टमध्ये कुणी मराठी बोलतंय का म्हणून कान देऊन उभी राहायची, आणि एकदा एक बाई फोनवर “भाजी करपली गं” म्हणाली तेव्हा ही स्वतःचा मजला सोडून तिच्या मागे उतरली. एवढीच गोष्ट. पण आलेल्या सगळ्या लेखांत इतकं चांगलं काही नव्हतं, आणि छपाईला जायला दोन दिवस उरले होते.

तिला मी तिथूनच फोन लावला. “चूक माझी होती,” मी सांगितलं, “तुझा लेख तीनही वेळा माझ्यापर्यंत पोचला होता.”

“मग आता छापणार ना?” तिनं विचारलं.

“बिल्कुल. पण जागा करावी लागेल.”

“माझं दुसरं पान काढ,” काकू शेजारून म्हणाल्या.

काढलं. अंक वेळेवर निघाला. इंजिनिअरनी कविता मागे घेतली नाही, उलट तिच्यावर ‘हवामानाचा अंदाज’ असं नवं शीर्षक घालून पाठवली, आणि खरं सांगायचं तर त्या नावाखाली ती बरी वाटली. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी गुरुग्रामची ती मुलगी मेट्रोनं मंडळात आली, स्वतःचा लेख तिनं व्यासपीठावरून वाचला, आणि नंतर जेवणाच्या रांगेत तीन-चार जणींनी तिचा नंबर मागून घेतला. त्यातली एक तर तिच्याच सोसायटीतली निघाली.

समारोपाला अध्यक्षांनी जाहीर केलं की मंडळाचे इतक्या वर्षांचे फोटो आणि जुने अंक आता मी नीट लावून ठेवणार आहे. मला त्यांनी आधी विचारलं नव्हतं, पण मी मान डोलावली. पुढच्या आठवड्यात पेन ड्राइव्ह, सीडी आणि फोटोंची दोन खोकी घरी येऊन पडली. काकू सकाळीच आल्या. मुख्य फोल्डरला काय नाव द्यायचं यावर आमचा तासभर वाद चालला, आणि मधे दोनदा चहा झाला.