घरी जाणाऱ्याची दही-साखर

आमच्या वरच्या खोलीत एक सुदानी मुलगा काही वर्षं भाड्याने राहायचा. इंदूरला फार्मसी शिकायला आलेला. इतका उंच, की जिन्याच्या चौकटीवर कपाळ आपटायचा आणि वर चौकटीचीच माफी मागायचा. तो इथे असतानाच त्याच्या देशात दोन फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. घर खार्तूमला, आणि घरात आई एकटी.

शांततेच्या बोलण्यांची बातमी आली की तो खाली माझ्या टीव्हीसमोर येऊन बसायचा. भांडण यांचं आणि बोलणी भलत्याच देशातल्या हॉटेलात! लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि परक्या देशांचे हसरे मंत्री. पहिल्या खेपेला मी त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली. परीक्षेला, प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर आपण ठेवतो, तशी.

"पर आंटीजी, मैं तो कहीं नहीं जा रहा."

"बोलणी जमली की घरीच जाशील ना? खा चुपचाप."

बोलणी फिसकटली. पुढच्या खेपेला त्याने स्वतःच हात पुढे केला. तीही फिसकटली.

एका दिवाळीत पाडव्याला मी त्याला गौतमपुऱ्याला हिंगोटांची लढाई बघायला नेलं. ज्याच्या घरी गोळ्या सुटताहेत त्याला दारूगोळ्याचा खेळ दाखवायचा, ही माझी अक्कल! आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेतले, त्यामुळे बारुदीचा वास आला की मला हुरूपच येतो. दोन गावचे गडी खांद्याला झोळ्या लावून समोरासमोर उभे राहिले आणि बारूद भरलेली पेटती हिंगोटाची फळं एकमेकांवर फेकू लागले. तो कान झाकून बसला होता. खेळ संपला तशी तीच माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली.

"इनकी सुलह किसने करवाई?" त्याने विचारलं.

"कोणी नाही रे. झोळीतले हिंगोट संपले, की खतम."

त्याने एका गड्याच्या रिकाम्या झोळीकडे बोट केलं. मग म्हणाला, "हमारे यहाँ झोली खाली ही नहीं होती, आंटीजी. सुलह की टेबल पर जो बैठते हैं, उन्हीं में से कोई पीछे से भर देता है."

त्यानंतर टीव्हीवर ते टेबल दिसलं की मी तोंडाला येईल ते बोलायची. तो मात्र बघत राहायचा. दुसरं काय करणार होता?

शेवटी त्याची आई नातेवाइकांबरोबर जीव वाचवून कैरोला पोचली. शिक्षण संपवून तोही तिकडेच निघाला. निघताना मी वाटी घेऊन दारात उभी राहिले, तर त्याने मूठ मिटली.

"ये घर जाने वाले की है. काहिरा घर नहीं है. आप रख दो. जिस दिन खार्तूम का टिकट होगा, पहले इंदौर आऊँगा, आपके हाथ से खाऊँगा."

माझ्या हातचं कोणी नाकारलेलं मला खपत नाही, पण त्या दिवशी वाटी मुकाट्याने मागे घेतली. त्याने छातीवर हात ठेवून निरोप घेतला.

मला त्याची फार आठवण येते. आताचा भाडेकरू बुटका आहे, चौकटीखालून सहज जातो. मी उगाच जिन्याकडे कान लावून बसते.

आज पुन्हा बातमी आली. नवं शहर, नवं हॉटेल, टेबल तेच आणि भोवतीची माणसंही तीच. मी त्यांना पोटभर शिव्या दिल्या, टीव्ही बंद केला. मग उठून दूध कोमट केलं आणि विरजण लावलं.