पट्ट्याचे वळ

नवरा आपल्याला पाठ दाखवत नाही, हे तिच्या लक्षात यायला दोन-तीन दिवस गेले. एरवी कामावरून आला की दारातच शर्ट काढणारा माणूस आता शर्टासकट न्हाणीघरात शिरायचा आणि आतून कडी लावायचा.

"अहो, आत काय लपवताय?"

"अंघोळ करतोय. आता तीही विचारून करू का?"

ती घरी शिवणकाम करायची आणि स्वभावाने मुळातच संशयी. दोऱ्याचं रीळ घेतलं तरी चार हात दोरा उलगडून बघायची, मगच पिशवीत टाकायची. नवऱ्यावर मात्र तिने आजवर संशय घेतला नव्हता. तो परांच्या बांधायचा, म्हणजे गवंडी-रंगाऱ्यांना उभं राहायला इमारतीच्या अंगाला पाइपांचा आणि फळ्यांचा सांगाडा उभा करायचा. वर इतका सरसर चढे की कामावर सगळे त्याला खार म्हणत. आणि हाच माणूस आता माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढेना. "तूच काढ," म्हणाला आणि दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून उभा राहिला.

तिच्या मनात पाल चुकचुकली.

सुट्टीच्या दुपारी तो पालथा झोपला होता. शर्ट वर सरकलेला. बघते तर खांद्यांपासून कमरेपर्यंत काळेनिळे वळ, कापडावर पट्टी ठेवून आखावेत तसे सरळ. तिने त्याला गदागदा हलवलं.

"कुणी मारलं?"

"कोण मारतंय? सिमेंटची गोणी घासली."

"दोन्ही खांद्यांवर सारखीच घासली?"

त्याने कूस बदलली.

ती तडक मागच्या गल्लीत भावाकडे गेली. भाऊ पूर्वी गवंडी होता. छतावरून पडल्यापासून त्याचा एक पाय वाकत नव्हता.

"दाजींच्या कामावरचा कंत्राटदार हल्ली रोज सकाळी सगळ्यांना गोळा करून भाषण देतो म्हणे," भाऊ म्हणाला. "पडू नका, पट्टा लावा, जपून चढा. माझाही मालक द्यायचा. मी दवाखान्यात पडलेलो, आणि तो दारातूनच म्हणाला, याला आम्ही सांगितलं होतं. झालं! भाषण दिलं की यांचे हात धुतलेले."

तिने मनाशी ताळा जमवला. कामावर काहीतरी घडलंय, आणि कंत्राटदाराने नवऱ्याचं तोंड बंद केलंय.

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दामच त्याचा जेवणाचा डबा भरायला उशीर केला. तो तसाच गेला आणि ती डबा घेऊन मागोमाग निघाली.

वाळूच्या ढिगापाशी सगळे गोल करून उभे होते. कंत्राटदार बाह्या सरसावून कडेला उभा होता, आणि मध्ये बोलत होता तिचा नवरा! ती सिमेंटच्या गोण्यांच्या थप्पीआड थांबली.

"साहेब रोज कानीकपाळी ओरडायचे," तो सांगत होता. "मला वाटायचं, उद्या काही झालं तर आपल्याच माथी मारायची तयारी चाललीय. मी पट्टा अंगावर घालायचो, पण त्याचा हूक पाइपाला अडकवायचो नाही. त्या दिवशी साहेब खाली उभे राहून माझ्याकडेच बघत होते. म्हटलं, यांचं समाधान होऊ दे, म्हणून अडकवला. आणि पायाखालची फळी सटकली. पट्ट्यालाच लोंबकळत होतो तिथे, पट्टे खांद्या-पाठीत रुतलेले. अजून वर चढायला पाय उचलत नाही."

कुणीतरी हसायला गेलं आणि मध्येच थांबलं.

तिला राहवलं नाही. ती थेट गोलात घुसली. "हे घरी सांगायला काय झालं होतं?"

"अगं... तू इथे? तू घाबरशील म्हणून..."

"न सांगून काय मी निवांत होते?" मग ती कंत्राटदाराकडे वळली. "पट्टा लावा, पट्टा लावा म्हणता. पण फळी सटकलीच कशी?"

मुकादम तिला गप्प करायला पुढे झाला. कंत्राटदाराने त्याला हातानेच थांबवलं.

"बांधायची राहिली होती," तो म्हणाला. "मीच घाई लावली होती, आधी वरचा मजला उरका म्हणून. कठडाही नव्हता. इतके दिवस मी नुसता बोलतच होतो, बाई. आता ती बाजू बंद केलीय. कठडा लागल्याशिवाय कुणी वर जाणार नाही."

"कधी लागणार?"

"हे बोलणं संपलं की लगेच."

"मग मी थांबते," म्हणत तिने विटांच्या थप्पीवर बैठक मारली. कठडा लागला, फळ्या आवळल्या गेल्या, तेव्हाच ती उठली.

भावाला तिने हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "चार दिवसांची नाटकं आहेत." तिने वाद घातला नाही. तिचाही पुरता विश्वास बसला नव्हताच. नवरा हळूहळू पुन्हा वर चढू लागला, आधी पहिल्या मजल्यापर्यंत, मग पुढे. रोज संध्याकाळी मात्र तिची उलटतपासणी ठरलेली.

"आज काय सांगितलं?"

"शिडीचं. एका शिडीची पायरी खिळखिळी होती. साहेबांनी शिडीच मोडायला लावली."

"मोडताना तुम्ही बघितलंत?"

"स्वतःच्या डोळ्यांनी."

"तुकडे कुठे टाकले?"

"अगं, भूक लागलीय मला!"

"आधी सांगा," ती म्हणाली, "मग वाढते."