शेंगतेल लावलेलं चाक

लग्न नवं होतं आणि भरल्या घरात बायकोशी दोन शब्द बोलायची चोरी. म्हणून तिला तळ्यावर न्यायला मी मित्राची स्कूटर आणली. टायर काळेभोर दिसावेत म्हणून बूटपॉलिश की शेंगतेल, असा गहन विचार केला. शेवटी शेंगतेल घेतलं आणि टायर जमिनीला टेकतो तिथंही मनापासून चोळलं.

अंगणातल्या फरशीवरच चाक घसरलं आणि आम्ही दोघं अलगद खाली बसलो.

"अवो, रस्त्याला टेकतंय तितं कुणी तेल लावतं व्हय?" ती हसू दाबत म्हणाली. "आता न्हाऊ घालायला पायजे की!"

तिनं शिकेकाई आणली. मी चाक फिरवत होतो, ती घासत होती. कामात दिसल्यामुळे घरातून कुणी हाकही मारली नाही. चाक केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी आम्ही बोलत बसलो.