तीन दिवसांत परत या

आमच्या घरापासून चालत निघालं की ती बिनखिडक्यांची डेटा सेंटर लागतात, दिवसभर घूं करत उभी. ती ओलांडली की देशी किराण्याचं दुकान, आणि त्याला लागून कपडे आल्टर करायचं. तिथं मशीनवर एक कंबोडियाचा माणूस बसायचा. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. मी चौथी शिकलेला, सोलापुरात चादरीच्या मागावर जन्म घालवलेला, मुलानं इथं अमेरिकेत आणून ठेवलेला. मला बोलायला कोणी नव्हतं. त्यालाही नसावं. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, म्हणून आमचं एकमेकांना बरोबर कळायचं.

ओळख बायकोनं काढली. आजारानं ती उतरत चालली होती, तशी दर दोन महिन्यांनी पोलकी आत घ्यायला त्याच्याकडं न्यायची. "आणखी बारीक झालात" असं त्यानं कधी म्हटलं नाही. आतलं जास्तीचं कापड कापायचा नाही, नुसती टीप घालायचा. म्हणायचा, "पुन्हा अंग भरलं की उसवून देतो." घरी येऊन ती मला ऐकवायची, "शिका जरा त्याच्याकडून. तुम्ही तोंड उघडलं की समोरचा अर्धा मेला."

त्याच्या देशात काळ्या कपड्यांतल्या बंडखोरांचं राज्य आलं होतं, त्यात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, एवढं आम्हाला मुलानं सांगितलं होतं. बायकोनं त्याला एकदा विचारलं, घरचं कोण गेलं? तो म्हणाला, आई. कधी? तारीख माहीत नाही. बास, हिनं पुढचं सगळं स्वतःच धरलं. काळ्या कपड्यांतल्या त्या लोकांनी ह्याचं घर खाल्लं. मीही तेच धरलं. तिकडून आलेला म्हणजे सोसलेलाच, दुसरं काय असणार? ज्यांची तिथी माहीत नाही त्यांना सर्वपित्री अमावास्या, असं म्हणून तिनं तीन वर्षं मागच्या डेकवर आमच्या पितरांच्या पानाशेजारी आणखी एक पान वाढलं, त्याच्या माणसांचं. मग डब्यात खीर-वडे घालून त्याच्या दुकानात. त्यांच्यातही त्याच पंधरवड्यात पितरांसाठी भाताचे गोळे टाकतात म्हणे. एवढं ऐकून तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तो मान खाली घालून खायचा. आम्हाला वाटायचं, आईची आठवण येत असेल.

मग ती गेली. वर्षश्राद्ध झालं. सवाष्ण गेली, म्हणून यंदाच्या पितृपक्षात नवमीला तिचं पान. आदल्या दिवशी मी त्याच्याकडं गेलो आणि म्हटलं, "उद्या तिचं. अमावास्येला तुझ्या माणसांचंही करणार. तिनं सुरू केलंय, मी मोडायचो नाही."

त्यानं मशीन थांबवलं. "बोंग," म्हणाला. थोरल्या भावाला ते तसं म्हणतात. "आता ते पान नको."

"का? हातचं चालणार नाही माझ्या?"

"तिला मी सगळं सांगितलं नव्हतं."

त्यानं दारावरची पाटी उलटी केली आणि माझ्यासमोर स्टूल ओढलं.

त्याचं गाव सरहद्दीकडं. देशात आपसातली लढाई पेटलेली, आणि वरून अमेरिकेची विमानं बॉम्ब टाकायची. त्यात आई गेली. घर होतं तिथं खड्डा झाला, जे हाताला लागलं ते पुरलं. त्याआधीच शहरात सेनापतीनं राजाला काढून खुर्ची बळकावली होती. राजा परदेशातून रेडिओवर बोलला, जंगलात जा, त्या सेनापतीशी लढा. जंगलात बसलेले लोक राजाचे नव्हतेच, पण गावाला काय ठाऊक? हा पंधरा वर्षांचा. गेला.

"रागानं गेलास," मी म्हटलं.

"रागानं, आणि भुकेनं. तिथं भात होता. काळे कपडे होते, सगळ्यांना सारखे. मला आवडले ते."

रोज एकच शिकवायचे. शहरातला माणूस तुझा भात खातो आणि तुझ्यावर विमानं बोलावतो. उलट विचारणारा दुसऱ्या दिवशी दिसायचा नाही, मग कोणी विचारायचं नाही. तिकडं शहरातले अधिकारी आपल्याच बंदुका चोरून ह्यांना विकायचे.

"शत्रूला?"

"हो. मग आम्ही त्याच त्यांच्यावर चालवायचो."

तो हसला. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू.

अशी पाच वर्षं गेली. शहर निर्वासितांनी फुटायला आलं, तांदूळ संपला, बाजारात रॉकेटं पडायला लागली. लोक एवढे दमले होते की कोणीही येवो पण हे थांबवो, असं झालं. हे शहरात शिरले त्या दिवशी गच्च्यांवर पांढऱ्या चादरी लावल्या होत्या. लोक टाळ्या वाजवत होते. ह्याला एका बाईनं फूल दिलं. मी मनात म्हटलं, मी तिथं असतो तर मीही चादर लावली असती, सोलापुरी.

दुपारपर्यंत हुकूम आला. शहर रिकामं करा, सगळ्यांनी बाहेर पडा. विमानं येणार आहेत, तीन दिवसांचाच प्रश्न आहे, असं सांगा. ह्याच्या वाटणीला हॉस्पिटल आलं. चाकाच्या खाटांसकट आजारी लोकांना रस्त्यावर काढलं. एक माणूस बायकोची खाट ढकलत होता, एका हातात सलाईनची बाटली उंच धरलेली. तो म्हणाला, हिला उन्हात सोसायचं नाही.

"मग?"

"मी बंदूक लावली. म्हटलं, तीन दिवसांत परत या."

"तुला खरं वाटत होतं ते?"

"त्या दिवशी वाटत होतं."

"आणि नंतर?"

"दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं गेलो. खाट कडेला होती. ती खाटेवर होती. नवरा नव्हता. गेला की नेला, माहीत नाही. मी चालत राहिलो."

पुढं ते आपल्याच पोरांना मारायला लागले तेव्हा हा पळाला. ते मी नीट ऐकलं नाही. मला आमच्या हॉस्पिटलचा कॉरिडॉर दिसत होता, आणि हिचा चादरीबाहेर आलेला हात.

"तुमच्यात माहीत नसलेल्यांसाठी दिवस आहे," तो म्हणाला. "बोंग, त्या बाईचं पान वाढशील? नाव मला माहीत नाही. माझ्या हातचं ती घेणार नाही."

मी म्हटलं, "तीन वर्षं माझ्या बायकोनं मरत मरत वडे तळले. तू गप बसून खाल्लेस. तुझं तू निस्तर."

त्यानं दारावरची पाटी सुलटी केली. मी उठून आलो.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, ही वॉज अ किड. आई गेली होती त्याची. तुम्ही जज करू नका."

"तू ढकललीस का तुझ्या आईची खाट? तेव्हा तुझी मीटिंग होती."

तो वर निघून गेला. मी बोललो ते वाईट बोललो. परत घेतलं नाही.

अमावास्येला वड्यांचं पीठ भिजवलं. पितरांचं पान वाढलं. दुसरं पान घेऊन डेकवर उभा राहिलो. ही असती तर तिनं मला बाजूला सारलं असतं. "अहो, त्या बाईनं काय केलंय? तिला का उपाशी ठेवता?" म्हणाली असती. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी वाढायला वाकलं की डोळ्यासमोर ती बाई यायची नाही, हा यायचा, बंदूक घेऊन. पान रिकामंच आत आणलं.

एकदा तिनं त्याला माणसात घेतलं होतं, दुसऱ्यांदा घ्यायची वेळ आली तेव्हा नाही म्हणणारा मी होतो.

थंडी सुरू झाली. त्या दुकानाकडं मी गेलेलो नाही, किराणा मुलगा आणतो. हिचं शेवटचं पोलकं अजून त्याच्याकडंच आहे. ते आणायच्या आधीच ती हॉस्पिटलात गेली, तिथून परत आलीच नाही. मुलगा म्हणतो, मी घेऊन येतो. मी नको म्हणतो. तिच्याबद्दल बोलायला ह्या गावात एकच माणूस होता.