म्हैसपाठ

सावरघाटच्या भोयांची एक रीत होती. होडीत बसल्यावर खडकाचा उच्चार करायचा नाही. गोदावरीला तिकडे गंगाच म्हणतात. गंगेला ऐकू गेलं तर ती होडी खडकाकडेच ओढून नेते, असा समज होता. घाटापासून कोसभर वर पात्रात आडवा एक काळा खडक होता. पावसाळ्यापासून पौषापर्यंत तो पाण्याखाली असे, आणि फाल्गुन लागला की डुंबायला बसलेल्या म्हशीसारखा हळूहळू वर येई. भोई त्याला म्हैसपाठ म्हणत, पण काठावर आल्यावरच.

तात्याबा भोई त्या घाटाचा जुना नावाडी. बांबू पाण्यात टाकला की तळाला वाळू आहे की गाळ, हे त्याच्या हाताला कळायचं.

निजामी अमलातली, तेराशे वीस फसलीच्या, म्हणजे इसवी एकोणीसशे दहाच्या, आसपासची गोष्ट. दसरा झाला आणि करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, मोहतमीम साहेब घाटावर आले. वरच्या अंगाला इंग्रजी हद्द होती. तिथून होडीने जो माल उतरेल त्यावर काही वर्षं जकात घ्यायची नाही, म्हणजे काठावर पेठ वसेल, असा सरकारचा विचार होता. माफीचा घाट कुठे करायचा, ते पाणी मोजून ठरणार होतं. खालच्या गावानेही अर्ज दिला होता.

साहेबांनी चुन्याचे पट्टे मारलेला बांबू आणला होता. तात्याबाने त्यांना होडीत घेतलं आणि रोजच्या वाटेने नेलं. नावाड्याची वाट डोहाडोहातूनच जाते. दर वेळी बांबू पट्ट्यामागून पट्टा बुडत गेला आणि बरोबरचा कारकून मापं लिहीत गेला.

"बारा महीने ऐसाच रहता क्या बे?" साहेबांनी विचारलं.

होडी तेव्हा नेमकी म्हैसपाठीवरून चालली होती. फक्त तिथेच साहेबांचा बांबू पाण्यात नव्हता. ते पान लावत होते. तात्याबाने खाली पाहिलं. काळं, गुळगुळीत काहीतरी हातभर खाली सरकत गेलं.

"गंगा हाय, सायेब," तो म्हणाला. "गंगा कुठं आटती का?"

काठावर उतरल्यावर सांगता आलं असतं. पण तिथे सगळं गाव उभं होतं, कुणी साहेबांसाठी हार घेऊन, कुणी नारळ. तात्याबा होडी बांधत राहिला. गाठ बसली तरी बांधत राहिला.

भाऊबीजेला तो दिंद्रुडला गेला. छबुबाई तेलीण त्याची मानलेली बहीण. नवरा गेल्यापासून बाजाराच्या तोंडाशी तिचा दगडी घाणा एका बैलावर चालायचा. माफीच्या घाटाची बातमी तिच्यापर्यंत आली होती. दीर बंकट ओसरीवर बसून टोमणे मारत होता.

"वैनी गंगेत घाणा लावणार हाय म्हणं! पाण्यातनं त्याल काढणार!"

"तुमी बसा हितं माशा हाकत," छबुबाई म्हणाली. "आमी लई मोठ्या पेठेला चाललो."

तिने तात्याबाला पाटावर बसवलं, ओवाळलं. तो कमरेची पिशवी सोडू लागला तसा तिने हात धरला.

"लुगडं नको, पैका नको. ओवाळणीत एक खरं सांग. घाणा एकदा जमिनीत रोवला की आमी तेली लोक त्यो उपटत न्हाई, तुला ठाव हाय. तवा सांग, होड्या बारा महिने चालत्यात का?"

खाली शेणाने सारवलेली जमीन होती. पाण्याचा कुठे थेंब नव्हता. ताम्हणातला दिवा तिने अजून खाली ठेवला नव्हता.

"चालत्यात, आक्का," तात्याबा म्हणाला.

छबुबाई बैल घेऊन सावरघाटला राहायला आली. घाण्याचा दगड तेवढा दिंद्रुडलाच राहिला. इथे तिने नवा घडवून घेतला, पूजा केली आणि रोवला. तात्याबाने त्याचा खड्डा स्वतःच्या हाताने खणला. लागत होता त्याहून खोल खणला. दिंद्रुडच्या जुन्या घाण्यावर आठ दिवसांत बंकट बसला.

पौषापर्यंत घाटावर चाळीस पालं पडली. मीठ उतरलं, कापड उतरलं. दिव्यांना, फोडणीला छबुबाईचंच तेल जाऊ लागलं. "तात्या, बैल दमतोय रे," ती हसून म्हणायची. तात्याबा हसायचा आणि नदीकडे बघायचा. रोज पहाटे तो एकटा म्हैसपाठीपर्यंत चालत जाऊन यायचा.

फाल्गुनात पाठ वर आली. मिठाच्या तीन होड्या तिच्यावर बसल्या आणि पोती विरघळून गेली. मोहतमीम साहेब पुन्हा आले. या वेळी ते कोरड्या वाळूवर उभे होते, आणि ज्या कारकुनाने मापं लिहिली होती त्याला सगळ्यांसमोर बोल लावत होते. काठावर छबुबाई घाण्याचा बैल धरून उभी होती.

तात्याबा पुढे आला. "त्यांचं चुकलं न्हाई, सायेब. मला ठाव होतं."

"तो बोला कायकू नहीं?"

"होडीत बोलत न्हाई आमी."

बोलून झाल्यावर त्याला कळलं की हे उत्तर फक्त साहेबांना पुरणार आहे. त्याने काठाकडे पाहिलं. छबुबाईने बैलाचं तोंड फिरवलं होतं.

माफी गेली. चैत्र संपायच्या आत पालं उठली. उरली भोयांची बारा घरं आणि एक घाणा.

तात्याबा गावोगाव फिरू लागला. वाळूत गाडी रुतते म्हणून करडईची पोती पाठीवर घेऊन कोरडं पात्र ओलांडायचा, पोतं घाण्यापाशी ठेवायचा आणि तेल घेऊन परत जायचा. छबुबाई घाणा चालवायची. नको म्हणायची नाही, ये म्हणायची नाही.

दिवाळी आली. भाऊबीजेला तो गेला नाही. दिवस कलल्यावर तीच ताम्हण घेऊन त्याच्या दारात आली.

"आक्का, मला कशाला ओवाळतीस?"

"बस," ती म्हणाली.

तिने कुंकू लावलं, ओवाळलं. तात्याबाने मान खाली घालून विचारलं, "ओवाळणी काय देऊ?"

"काई नको."

"माग की. काई बी इचार. खरं सांगतो."

छबुबाईने दिव्यावर हाताचा आडोसा धरला आणि उठली.

त्यानंतर एकोणीस भाऊबीजा झाल्या. दर साली ती आली, दर साली तिने ओवाळलं. पण पाऊस येईल का, पोत्यात किती करडई आहे, वाटेत पाणी किती आहे, यातलं काही तिने तात्याबाला पुन्हा कधीच विचारलं नाही. नदीला पाणी आलं की ती दुसऱ्या नावाड्याला विचारायची. तात्याबा शेजारीच उभा असायचा, हातात बांबू घेऊन.